‘ड्रंक अँड ड्राइव्ह’ची केस कोर्टात कशी शोधायची, आणि दहा हजार भरण्याआधी काय वाचायचं

तासगावच्या एका मामांचा प्रश्न आहे. भाचा साताऱ्यात नोकरीला. ३१ डिसेंबरच्या रात्री मित्रांबरोबर कासकडून परत येताना पोलिसांनी अडवलं, मशीनमध्ये फुंकायला लावलं, लायसन्स ठेवून घेतलं आणि एक कागद दिला. तो कागद हरवला. त्यानंतर ना समन्स, ना फोन. आता पोरगं पोलीस भरतीचा फॉर्म भरतंय. मामांना तीन गोष्टी कळायला हव्यात: केस आहे का आणि कुठल्या कोर्टात आहे, शिक्षा किती, आणि ‘दहा हजार भरून मोकळं व्हा’ हा मित्रांचा सल्ला ऐकावा का.

मी साताऱ्याच्या कोर्टात फौजदारी कामं बघतो. जानेवारी-फेब्रुवारीत असे भाचे आणि असे मामा नेहमी येतात, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

तुम्ही बहुधा आधी ई-चलनाच्या साइटवर गाडीचा नंबर टाकून पाहिला असेल आणि काही दिसलं नाही म्हणून हायसं वाटलं असेल. तो दिलासा खरा धरू नका. हेल्मेट, सिग्नल, नो पार्किंग यांचा दंड मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० खाली जागेवर किंवा ऑनलाइन भरून प्रकरण मिटवता येतं, त्याला तडजोड शुल्क म्हणतात. दारू पिऊन गाडी चालवणं, म्हणजे कलम १८५, त्या यादीत नाही. पोलिसाला ते मिटवायचा अधिकार नाही, लोकअदालतीत त्याची तडजोड होत नाही. ही केस मॅजिस्ट्रेटपुढेच जाते आणि दंड ठरतो तोही तिथेच. ‘वरच्यावर मिटवून देतो’ म्हणत कोणी पैसे मागत असेल तर तो तुम्हाला फसवतोय.

आता कोर्ट कोणतं. गाडी जिथे अडवली तिथलं पोलीस ठाणं कोणतं, यावर ते ठरतं. गाडी कुठल्या पासिंगची किंवा माणूस कुठला, याचा संबंध नाही. भाचा तासगावचा म्हणून केस तासगावला येणार नाही. कास रस्त्यावर साताऱ्याच्या जवळ अडवलं असेल तर केस सातारच्या कोर्टात. पण बामणोलीच्या बाजूला जावळी तालुक्यात अडवलं असेल तर हद्द मेढ्याची. हायवेवर तर हा घोळ जास्त होतो. पुण्याहून कोल्हापूरकडे जाताना एका रात्रीत शिरवळ, खंडाळा, भुईंज, सातारा, बोरगाव, उंब्रज, तळबीड, कराड, कासेगाव अशा ठाण्यांच्या हद्दी लागतात. भुईंजला पकडलं तर वाईचं कोर्ट, उंब्रजला पकडलं तर कराडचं. कासेगाव तर सांगली जिल्ह्यात, वाळवा तालुका. तिथली केस इस्लामपूरला, ज्याला आता ईश्वरपूर म्हणतात. म्हणून भाच्याला बसवून आधी नेमकी जागा विचारा: कुठला ढाबा, कुठला फाटा, कुठला चौक. ‘साताऱ्याजवळ कुठेतरी’ एवढ्यावर कोर्ट सापडत नाही.

जागा कळली की ई-कोर्ट्सची वेबसाइट किंवा मोबाइल ॲप उघडा. पैसे लागत नाहीत, नोंदणी लागत नाही, वकीलही लागत नाही. केस स्टेटसमध्ये राज्य महाराष्ट्र, जिल्हा सातारा, मग न्यायालय संकुल. तिथे सातारा, कराड, वाई, फलटण, वडूज वगैरे नावं येतील, त्यातलं योग्य ते निवडा. कागद हाताशी असता तर केस नंबरने किंवा सोळा अक्षरी सीएनआर नंबरने, म्हणजे प्रत्येक केसला मिळणाऱ्या स्वतंत्र क्रमांकाने, एका क्षणात काम झालं असतं. तो नाही, म्हणून पक्षकाराच्या नावाने शोधायचं.

बहुतेक लोक इथे अडकतात, म्हणून नीट सांगतो. नाव बहुतेक वेळा इंग्रजी स्पेलिंगमध्ये चढवलेलं असतं आणि ते स्पेलिंग आधार कार्डावरचं असेलच असं नाही. रात्री दोन वाजता हवालदाराने ऐकून जे लिहिलं, ते पुढे लिपिकाने जसं वाचलं, तसं कॉम्प्युटरमध्ये गेलेलं असतं. जाधवचं एक रूप, शिंदेचं दुसरं, ‘विश्वजित’ची तर चार. पूर्ण नाव टाकायच्या भानगडीत पडू नका. आडनावाची किंवा पहिल्या नावाची सुरुवातीची चार-पाच अक्षरं टाका आणि यादी चाळा. किमान तीन अक्षरं लागतात. वर्षाच्या रकान्यात घटनेचं नव्हे, तर केस कोर्टात नोंदली गेली ते वर्ष टाकायचं असतं. ३१ डिसेंबरला पकडलेल्याची केस त्याच वर्षात नोंदली जाणं जवळजवळ अशक्य, त्यामुळे पुढचं वर्ष टाका. आणि प्रलंबित व निकाली असे दोन पर्याय असतात, ते दोन्ही पाहा.

यादीत आरोपीच्या समोर ‘महाराष्ट्र शासन’ किंवा पोलीस ठाण्याचं नाव असेल. केसचा प्रकार बहुधा एस. सी. सी., म्हणजे संक्षिप्त फौजदारी खटला. अपघात होऊन कोणी जखमी किंवा मृत असेल तर आर. सी. सी., म्हणजे नियमित फौजदारी खटला. सापडलेली केस उघडली की कायदा व कलम हा रकाना आधी वाचा. मोटार वाहन कायदा, १८५ दिसलं तर ती आपली. त्याच्या सोबत महाराष्ट्र दारूबंदी कायद्याचं कलम ८५ किंवा भारतीय न्याय संहितेचं २८१ असेल तर तेही टिपून ठेवा, त्याचं पुढे सांगतो.

मग केसचा टप्पा पाहा. समन्स असं लिहिलं असेल तर भाच्याला समन्स अजून बजावलेलं नाही. बजावणीसाठी गेलेला पोलीस त्याच्या जुन्या भाड्याच्या खोलीवर जाऊन परत आला असेल, हे अगदी नेहमीचं. वॉरंट असं दिसलं तर त्याच आठवड्यात वकील गाठा. ‘डॉर्मंट’ हा शब्द दिसला तर केस संपली असं अनेकांना वाटतं. ती संपलेली नसते. आरोपी सापडत नाही म्हणून फाइल बाजूला ठेवलेली असते आणि तो सापडला की पुन्हा बाहेर निघते. निकाली केसमध्ये निकालाचं स्वरूप हा वेगळा रकाना असतो. निकाली म्हणजे निर्दोष नव्हे. गुन्हा कबूल करून दंड भरला तरी केस निकालीच दिसते, आणि तिथे शिक्षा झाल्याची नोंद असते. तारखांच्या ओळीवर क्लिक केलं की त्या दिवशी काय झालं ते दिसतं, तो थोडक्यातला रोजनामा.

एफआयआर नंबरने शोधायचाही पर्याय आहे, आणि महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर एफआयआर उघडून वाचता येतात. पण नाकाबंदीत वाहतूक शाखेने केलेल्या १८५ च्या कारवाईत अनेकदा वेगळी एफआयआर नसतेच, थेट कोर्टात खटला दाखल होतो. त्यामुळे एफआयआर सापडली नाही, यावरून केस नाही असं समजू नका.

ऑनलाइन काहीच मिळालं नाही तर एक चक्कर मारावी लागेल. आधी ज्यांनी अडवलं ते ठाणं किंवा वाहतूक शाखा. तारीख आणि गाडीचा नंबर सांगितला की त्यांच्या रजिस्टरमध्ये केस कोणत्या कोर्टात पाठवली ते मिळतं. मग त्या कोर्टाच्या फौजदारी लिपिकाकडे. इथे एक कायदेशीर मुद्दा लक्षात ठेवा: ज्या गुन्ह्याला जास्तीत जास्त एक वर्षापर्यंत कैद आहे, त्याची केस घटनेपासून एक वर्षाच्या आत कोर्टात दाखल व्हायला हवी. पहिल्या खेपेच्या १८५ ला कमाल सहा महिने आहेत, म्हणजे ही मुदत लागू पडते. उशीर माफ करायचा अधिकार कोर्टाला आहे, तरी वर्ष उलटून गेल्यावर केस दाखल झाली असेल तर तुमच्या वकिलाने हा मुद्दा मांडलाच पाहिजे.

केस सापडली की नक्कल काढा. स्क्रीनवरची माहिती ही फक्त सूची असते, खरी गोष्ट फाइलमध्ये असते. नक्कल विभागात कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज द्यायचा. आरोपीला किंवा त्याच्या वकिलाला खटल्याची कागदपत्रं आणि निकाल मिळण्यात अडचण येत नाही. तिऱ्हाइताने मागितलं तर कारण लिहावं लागतं आणि ते कोर्टाला पटावं लागतं. फार जुन्या किरकोळ केसेसचे कागद ठरावीक वर्षांनी नियमाप्रमाणे नष्ट केले जातात, मग नुसती रजिस्टरमधली नोंद उरते.

आता शिक्षा. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल म्हणजे १८५ चा गुन्हा. पहिल्यांदा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा किंवा त्यानंतर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा १५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. २०१९ च्या दुरुस्तीआधी हेच आकडे २,००० आणि ३,००० ‘पर्यंत’ असे होते, त्यामुळे जुन्या लोकांचे ‘पाचशे-हजारात सुटलो’ हे किस्से आता कामाचे नाहीत. त्याच दुरुस्तीत आणखी एक बदल झाला, ज्याची चर्चा फार कमी होते. पूर्वी दुसरा गुन्हा पहिल्यापासून तीन वर्षांच्या आत घडला तरच तो ‘दुसरा’ धरला जाई. ते शब्द काढून टाकले. आज बावीस-तेविसाव्या वर्षी कबूल केलेला गुन्हा चाळिशीतही पहिला म्हणून मोजला जाईल.

दारूबंदी कायद्याचं कलम ८५ वेगळं आहे. सार्वजनिक जागी दारूच्या नशेत गैरवर्तन, असा त्याचा गाभा. आणि परवान्याशिवाय दारू प्यायल्याच्या कलम ६६ मध्ये मोजमाप ०.०५ टक्के आहे, म्हणजे १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम. दोन कायद्यांची दोन मोजमापं. रिपोर्टमध्ये ४० आलं तर १८५ लागू होतं, पण दारूबंदी कायद्यातली ती मर्यादा ओलांडली जात नाही. आरोपपत्रात सगळी कलमं एकत्र ठोकलेली असतात, तेव्हा हा फरक वकिलाने डोळ्यात तेल घालून पाहायचा.

अपघात असेल तर चित्रच बदलतं. भरधाव, बेदरकार चालवण्याला न्याय संहितेचं २८१. कोणी मेलं तर १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद. १ जुलै २०२४ पूर्वीच्या घटनेला जुन्या दंड संहितेचं ३०४-अ लागतं, तिथे कमाल दोन वर्षं होती. त्याहून वर सदोष मनुष्यवध. मुंबईच्या कार्टर रोडवर २००६ साली फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर गाडी गेली, त्या ॲलिस्टर परेरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये हेच कलम आणि तीन वर्षांची शिक्षा कायम ठेवली. भाच्याच्या बाबतीत देवदयेने असं काही नाही.

पुरावा काय आहे ते फाइलमध्ये बघा, मी सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवतो. मशीनची छापील पट्टी आहे का? तिच्यावर नाव, वेळ, आकडा आणि मशीनचा क्रमांक आहे का? त्या मशीनचं कॅलिब्रेशन, म्हणजे अचूकतेची तपासणी, केल्याचा दाखला जोडलाय का, आणि त्याची मुदत घटनेच्या दिवशी चालू होती का? फुंकायला लावणारा पोलीस गणवेशात असावा, असं कलम २०३ सांगतं. अटक केली असेल तर दोन तासांच्या आत डॉक्टरकडून तपासणी व्हायला हवी, नाहीतर सोडून द्यावं लागतं, हे कलम २०२ मध्ये आहे. रक्त घेतलं असेल तर सिव्हिलमध्ये कोणी घेतलं, बाटलीत नमुना टिकवणारं सोडियम फ्लोराइड होतं का, सुई टोचण्याआधी त्वचा स्पिरिटने पुसली होती का, सील कोणी केलं, प्रयोगशाळेत किती दिवसांनी पोहोचलं. आणि केमिकल ॲनालायझरचा रिपोर्ट, ज्याला आम्ही सी. ए. रिपोर्ट म्हणतो, तो फाइलमध्ये आहे की अजून ‘येणे आहे’?

फक्त ‘तोंडाला दारूचा वास, डोळे लाल, चालताना झोकांड्या’ एवढ्यावर १८५ उभं राहत नाही. १९७१ च्या बचूभाई करयानी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अशा लक्षणांवरून दारू प्यायल्याचा निष्कर्ष काढता येत नाही. पण फुंकायला नकार देणं हा बचावाचा मार्ग नाही. कारणाशिवाय दिलेला नकार कलम २०५ प्रमाणे उलट तुमच्याविरुद्ध वापरता येतो. आणि हो, लिंबू, दही, कॉफी, विड्याचं पान, यांनी रक्तातलं अल्कोहोल कमी होत नाही. ते साधारण तासाला १५ मिलिग्रॅमच्या आसपास उतरतं. रात्री दीड वाजेपर्यंत भरपूर पिऊन पहाटे सहाला महाबळेश्वरला निघालेला माणूसही पसरणी घाटात ३० मिलिग्रॅमच्या मर्यादेबाहेर असू शकतो.

आता मित्रांचा सल्ला. कोर्टात न्यायाधीश विचारतात, गुन्हा कबूल आहे का? ‘हो’ म्हटलं की बहुतेक वेळा त्याच दिवशी दंड, कधी कोर्ट उठेपर्यंत बसायची शिक्षा, आणि संध्याकाळी घरी. ज्याचं स्वतःचं दुकान आहे, शेती आहे, आणि मशीनच्या पट्टीवर १८० आलंय, त्याला मीही कधी कधी हेच सांगतो. तारखांना येऊन रोज बुडवण्यापेक्षा ते बरं. पण ‘हो’ म्हणजे दोषसिद्धी. सिग्नलच्या पावतीसारखं ते विसरून जाता येत नाही. शिवाय स्वतः कबूल केलेल्या गुन्ह्यात दोषी ठरवल्याविरुद्ध अपील करता येत नाही, फक्त शिक्षा किती आणि कायदेशीर आहे का एवढ्यावरच येतं, तेही सत्र न्यायालयात तीस दिवसांत. त्याच्या वर जायचं तर आता मुंबईला जावं लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय, सातारा आणि सांगली दोन्ही त्यात येतात.

पोलीस भरतीला बसणाऱ्या मुलाने फाइल न वाचता ‘हो’ म्हणू नये, हे माझं स्पष्ट मत. आमच्या जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरीसारखी गावं आहेत, घरोघरी फौज आणि पोलीस. अशा घरातला मुलगा दहा हजारांत मोकळा व्हायला येतो आणि भरतीत भरून द्यायच्या साक्षांकन नमुन्यातले प्रश्न वाचून घाम फुटलेला पुन्हा येतो. तिथे ‘कधी अटक झाली का, खटला चालू आहे का, दोषी ठरवलं का, दंड झाला का’ असे प्रश्न असतात. खटला प्रलंबित असेल तर तेही लिहावं लागतं. त्यामुळे ‘केस लढली की फॉर्म स्वच्छ’ असंही नाही.

लपवू मात्र नका. २०१६ च्या अवतार सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही तत्त्वं सविस्तर मांडली आहेत: उमेदवाराने दिलेली माहिती खरी हवी, गुन्हा किरकोळ असेल तर नोकरी देणारा लपवाछपवीकडेही दुर्लक्ष करू शकतो, पण जाणूनबुजून खोटी माहिती दिली तर त्या एका कारणावरही नेमणूक जाऊ शकते. चारित्र्य पडताळणीत नाव निघतंच, पोलिसांचं स्वतःचं रेकॉर्ड ई-कोर्ट्सवर अवलंबून नाही. केस क्रमांक, कलम, टप्पा सगळं लिहून मोकळेपणाने सांगितलेला उमेदवार निदान आपली बाजू मांडायला उभा राहू शकतो. पुरावा पक्का असेल आणि शिक्षा टळत नसेल तर परिवीक्षा कायद्याखाली, म्हणजे प्रोबेशनवर, सोडण्याची विनंती करता येते. त्या कायद्याच्या कलम १२ मुळे दोषसिद्धीने येणारी अपात्रता लागू होत नाही. ती विनंती मान्य करायची की नाही हे न्यायाधीशांवर आहे, पण मागायचं राहून जाऊ नये.

लायसन्सचं काम वेगळं चालतं. पोलिसांनी ठेवून घेतलेलं लायसन्स कलम २०६ प्रमाणे परिवहन कार्यालयाकडे जातं आणि तिथे कलम १९ खाली निलंबनाची कारवाई होते. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्येच किमान तीन महिने निलंबन सांगितलं आहे. त्याआधी म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, म्हणून आलेल्या नोटिशीला लेखी उत्तर द्या. लायसन्सची सद्यस्थिती सारथी पोर्टलवर दिसते. निलंबनाच्या काळात भाचा गाडी चालवताना सापडला तर तो नवा गुन्हा.

विम्याचं दोन ओळीत. नशेत गाडी ठोकली तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा कंपनी नाकारू शकते, आणि २०२१ च्या पर्ल बेव्हरेजेस निकालाप्रमाणे त्यासाठी कंपनीला ३० मिलिग्रॅमचा आकडा सिद्ध करायची गरज नाही. समोरच्या जखमीला कंपनीने भरपाई दिली तरी ती गाडीमालकाकडून वसूल होण्याची टांगती तलवार राहते.

हेच शोधायचं तंत्र लोक स्थळ पाहताना आणि ड्रायव्हर ठेवतानाही वापरतात. नोंदी सार्वजनिक आहेत, बघायला कोणाची हरकत नाही. पण साताऱ्यात एकाच नावाचे दहा जाधव निघतात. वडिलांचं नाव, वय, गाव जुळल्याशिवाय कोणावर शिक्का मारू नका, आणि प्रलंबित केस म्हणजे आरोप, निकाल नव्हे. स्क्रीनशॉट काढून भावकीच्या ग्रुपवर टाकणाऱ्यांना अब्रुनुकसानीची नोटीस आलेली मी पाहिली आहे.

तर मामा, भाच्याला घेऊन कोर्टात याल तेव्हा आधार कार्ड, गाडीची कागदपत्रं, भरतीच्या जाहिरातीची प्रत आणि ओळखीचा एक जामीनदार त्याच्या सातबाऱ्यासह आणा. गुन्हा जामीनपात्र आहे, जामीन हा हक्क आहे, आणि वॉरंट निघालं असलं तरी स्वतःहून हजर झालेल्याचं वॉरंट सहसा त्याच दिवशी रद्द होतं. वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो, त्यासाठी उत्पन्नाचा दाखलाही बरोबर ठेवा. सकाळी साडेदहाच्या आत या, अकराला बोर्ड, म्हणजे त्या दिवसाच्या केसेसचं कामकाज, सुरू झाला की लिपिकाला फाइल शोधायला वेळ नसतो.